आकडे न टाकलेले दगड

अथेन्सच्या टेकडीवर मी अडीच तास होतो, आणि त्यातले दोन तास मी देऊळ पाहिलंच नाही. जावयाने तिकिटं काढून आणली, मुलगी सावलीला चला म्हणून मागे लागली, आणि मी आपला दोरीला खेटून जमिनीवर मांडलेल्या दगडांकडे बघत उभा. संगमरवराचे तुकडे. कुठे खांबाचा जात्याएवढा भाग, कुठे नुसता कोपरा, आणि प्रत्येकावर बारीक आकडा. हेल्मेट घातलेली एक बाई गुडघे टेकून एका तुकड्याला दुसरा लावून बघत होती. जुळला नाही. तिने तो होता तिथे ठेवला आणि पुढचा घेतला. तिला कसलीही घाई नव्हती.

“बाबा, देऊळ तिकडे आहे,” मुलगी म्हणाली.

देऊळ कुठे आहे ते मला दिसत होतं. मला आमचं आठवलं होतं.

आमचं गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडे. ओढ्याकाठी महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ होतं. चुना नाही, माती नाही, नुसता काळ्या दगडात दगड अडकवलेला. शिखरात पिंपळ उगवून एक बाजू फुगली होती आणि पावसाळ्यात पिंडीवर गळायचं. गावाने जीर्णोद्धाराची कमिटी केली. मी तेव्हा सरकारी नोकरीत इंजिनिअर, म्हणून माझा शब्द अखेरचा ठरला. गावाला वाटलं, शिकलेला माणूस आहे. मलाही तसंच वाटत होतं, तिथेच घोडं पेंड खात होतं.

गावात एक पाथरवट होता. पाटे-वरवंटे घडवायचा, घरांची जोती बांधायचा. कमिटी देवळासमोर जमली होती तेव्हा तो पुढे आला.

“सायेब, पाडू नगा. उतरवू. येकेका दगडावर आकडा टाकतो, वळीनं मांडतो, पिंपळाची मुळी काढतो न् हाय तसं परत बसवतो. दोन वर्सं द्या मला.”

“दोन वर्षं?” मी हसलो. “बाबा, जेसीबी एका दिवसात मोकळं करील.”

कमिटी हसली. तोही हसला, कारण साहेब हसले की हसायचं असतं. मग तो मागे जाऊन उभा राहिला आणि पुन्हा काही बोलला नाही.

जेसीबीला एक दिवस पुरला नाही, तीन लागले. दगड दगडाला सोडायला तयार नव्हता. एवढं डोळ्यांनी बघूनही मला अक्कल आली नाही. फोडलेले दगड आम्ही नव्या देवळाच्या पायात भरले. भरावाला बाहेरून आणायला नको, हीही माझीच हुशारी. वर स्लॅब टाकला, आत न्हाणीघरात बसवतात तसल्या पांढऱ्या टाइल्स लावल्या, बाहेरून गुलाबी रंग दिला. कलशाच्या दिवशी मला शाल-नारळ मिळाला. पाथरवट त्यानंतर कधी देवळात आला नाही, असं लोक सांगायचे. मी म्हणायचो, वय झालं असेल.

ग्रीसहून परतल्यावर आठव्या दिवशी मी भिंगारच्या घरातून निघालो आणि एसटीने गावी गेलो. बैल गेला आणि झोपा केला, हे कळत होतं. तरी त्या म्हाताऱ्याला एकदा सांगायचं होतं, “बाबा, माझं चुकलं.” तीन शब्द, पण सगळ्या वाटेत मी ते घोकत होतो.

तो अंगणात बाजेवर बसला होता. नजर पार अधू झालेली, बोटं वाकडी. मी कुठे जाऊन आलो ते सांगितलं आणि मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्याने तो डोळ्याला टेकवला.

“चुना हाय?”

“नाही. लोखंडाच्या पट्ट्या घालून वर शिसं ओतलंय.”

“शिसं! म्हंजी गंजायचं न्हाई.” तो एकदम खुलला. “शानी मान्सं. आन् पडलंय त्ये परत बसवत्यात व्हय? किती दिस चाललंय?”

“कित्येक वर्षं. अजून संपलेलं नाही.”

त्याने फक्त दोनच मागितली होती. मला तिथे बसवेना. आता बोलायचं म्हणून मी घसा साफ केला, तर तोच म्हणाला,

“सायेब, माजं चुकलं.”

त्याने मोबाईल चाचपत माझ्या हातात परत दिला.

“लई दिस मनात हाय. मी आडवं पडाया पायजे हुतं. तुमी कागदावरलं इंजिनेर, तुमाला दगडातलं काय ठावं? मला ठावं हुतं. आन् तुमी हसला म्हून मीबी हसलो. म्हून देवाला त्वांड दावत न्हाई मी.”

माझ्या मूर्खपणाची शिक्षा हा माणूस इतकी वर्षं भोगत होता. नाही बाबा, तुझं नाही, माझं चुकलं, असं तेव्हा तरी म्हणायला हवं होतं. मी नुसती मान हलवली, आणि त्याच्या डोळ्यांना तीही दिसली नसणार.