ताईचा नवीन नंबर

माझ्या फोनमध्ये कुणीच नुसत्या नावाने राहत नाही. वळ गावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी कुठल्या मालाला कुठली गाडी ते लावायचं काम करते. एकाच नावाचे सात-आठ ड्रायव्हर, नुसतं नाव लिहून चालेल कसं? म्हणून मी नावापुढे अख्खी कुंडली मांडते. 'चौदा फुटी टेम्पो, लाल केबिन, पूर्णा गावचा माल, दुपारी फोन उचलत नाही.' सगळे हसायचे, पण गाडी अडली की माझ्याकडेच यायचे.

ते फुकटातलं अ‍ॅप मला एका ड्रायव्हरनेच दाखवलं. अनोळखी नंबर आला की समोरच्याचं नाव स्क्रीनवर हजर. मला तर लॉटरीच लागली. घेताना अ‍ॅपने काय काय विचारलं ते वाचलं कुणी? बाहेर दोन टेम्पोवाले हॉर्न वाजवून जीव खात होते. मान्य, मान्य, पुढे, पुढे. कुणी म्हणालंही, अगं, ही अ‍ॅपं आपण लिहिलेल्या नावांसकट सगळे नंबर ओढून घेतात. मी म्हटलं, घेऊ देत की! माझ्या फोनमध्ये काय सोनं पुरलंय?

माझी मोठी बहीण तेव्हा नवऱ्याचा मार खाऊन अर्धी झाली होती. एका सकाळी ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. लेकीला सासूने आत कोंडून ठेवलं, तिला आणता आलं नाही. माहेरी आली असती तर तासाभरात सापडली असती. मी तिला वळच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लावलं, शेजारच्या पूर्णा गावात गोडाऊनमधल्याच एका बाईसोबत खोली बघून दिली, नवं सिम आणलं. तो नंबर माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता. आईलासुद्धा दिला नाही. आई रडली. "मी काय गावभर दवंडी पिटनार हाय?" म्हणाली. मी फटकन म्हटलं, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि त्याच संध्याकाळी, सवयीचा हात, मी नंबर सेव्ह केला. 'ताई नवीन, वळ गोडाऊन, दुसरी शिफ्ट, खोली पूर्णा.'

दोन महिने ती बरी होती. गालावर जरा मांस चढलं. जेवणाच्या सुट्टीत कधी भेटलो की सुपरवायझरची नक्कल करून दाखवायची.

मग लेकीचा वाढदिवस आला. ताईने सासूच्या फोनवर फोन लावला. तो फोन पोरगीच उचलते हे तिला ठाऊक होतं. पोरगी दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली. ताई बोलली नाही. आवाज ऐकला आणि कट केला. एवढाच तिचा गुन्हा.

नवऱ्याने तो नंबर त्याच अ‍ॅपमध्ये टाकला. माझं लिखाण जसंच्या तसं त्याच्यासमोर. शिफ्टसकट!

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी तो भावांना घेऊन गोडाऊनच्या गेटवर उभा होता. तिच्या नाकासमोर फोन धरून म्हणाला, "तुझ्याच बहिणीने पत्ता दिलाय, वाच." सलग तीन दिवस तो तिथे उभा राहिला. चौथ्या दिवशी सुपरवायझरने सांगितलं, घरची भांडणं घरी मिटवा, उद्यापासून येऊ नका. खोलीवाल्यानेही हात वर केले. आणि नवरा म्हणत होता, आली नाहीस तर पोरीचं तोंड दिसणार नाही. ताई गेली. कुठे जाणार होती दुसरीकडे?

मी अ‍ॅप काढून टाकलं. नंबर पुसला. शेजारणीच्या फोनवरून शोधून पाहिलं, तर माझे शब्द तिथेच. चौकीत गेले. हवालदार बिचारा भला माणूस, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, परवानगी तर तुम्हीच दिलीत ना?" अ‍ॅपवाल्यांना लिहिलं. त्यांचं गोडगोड उत्तर आलं, की ज्याचा नंबर असेल त्यानेच त्या नंबरवरून विनंती करावी. जिचा नंबर, तिचं सिम नवऱ्याच्या खिशात. मी ऑफिसातच ढसाढसा रडले. गाड्या खोळंबल्या, खोळंबू देत.

दिवाळीनंतर धामणकर नाक्यामागच्या तिच्या घरी गेले. सासू समोरच बसून होती, मग ती पाणी भरायला बाहेर गेली. तेवढ्यात मी ताईचे हात धरले आणि भराभरा सगळं सांगितलं. अ‍ॅप, मान्य-मान्य, माझी लिहायची सवय. मी त्याला काही सांगितलं नाही गं, आईची शपथ. तिच्या मनगटावर नवा वळ होता.

तिने ऐकून घेतलं. चिडली नाही, तेच मला सहन होईना.

"इतके दिवस वाटायचं, तूच सांगितलंस," ती म्हणाली. "रोज मनातल्या मनात तुझ्याशी भांडायचे. तुझ्या झिंज्या उपटायचे. तेवढाच आधार होता गं. आता मी कुणाशी भांडू?"