उरलेल्या गोळ्यांचं पुण्य

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सोळा सोमवार बोलले होते. पंधराव्या सोमवारी तापाने फणफणले, तरी पाण्याच्या घोटावर दिवस काढला. व्रत अर्ध्यावर सोडलं तर कोप होतो, हे लहानपणापासून ऐकलेलं! पुढे नगरच्या दवाखान्यात ह्यांच्या पायाशी दोन महिने बसले. वॉर्डात बायका एकमेकींच्या डब्यातलं खातात, तसे एकमेकींचे किस्सेही साठत जातात. पण सांगायला बसले की आधी तो सोमवारच आठवतो.

* * *

ह्यांना शुगर. शेतात बाभळीचा काटा टाचेत मोडला. गावच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या देऊन बजावलं, "सगळ्या संपवा." चौथ्या दिवशी सूज उतरली. उरलेल्या गोळ्या मी देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवल्या. औषध वाया कसं घालवायचं?

शेजारच्या सखूबाईंचा घसा धरला, त्यांना चार दिल्या. धाकट्या जावेच्या मुलीला गळू झालं, तिला तीन.

"वहिनी, तुमच्या हाताला गुण हाय!" सखूबाई म्हणाल्या. मी दोन दिवस हवेत!

टाच पुन्हा चिघळली. पुन्हा गोळ्या आणल्या, पुन्हा सूज उतरताच डब्यात. असं तीनदा झालं. मग टाच काळी पडली.

* * *

ह्यांना नगरच्या दवाखान्यात दाखल केलं, टाचेतला पू तपासायला पाठवला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दाखवला. औषधांची ही लांबलचक यादी, आणि बहुतेकांपुढे एकच शेरा: जंतूंवर चालत नाही.

शेजारच्या खाटेवर पार्वतीबाईंचे मालक होते. त्या कोपरगावकडच्या. वाकून बघत म्हणाल्या, "आमच्या नातवाचा निकाल आसाच लागला हुता. समद्यात नापास!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नापास औषधं झालीत, आजी. जंतू पास झालेत, अर्धवट सोडलेल्या गोळ्यांवर सराव करून."

* * *

माझ्या बहिणीची वैशाली पुण्याला प्रयोगशाळेत शिकते. ती भेटायला आली. म्हणाली, "मावशी, बेडकाच्या कातडीत प्रथिनांचे छोटे छोटे तुकडे सापडलेत. ते जंतूंना भोकंच पाडतात! आणि चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण करून बघतायत, त्यानंही जंतू मरतात."

"आगं, मग थांबलाय कशाला?" पार्वतीबाई म्हणाल्या. "आमच्या कॅनॉलला बेडूक लई. पोतं भरून आणते!"

सगळा वॉर्ड हसला. मी हळूच विचारलं, "ह्यांना कधी मिळेल?"

वैशालीने ह्यांच्या पायावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. "अजून प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतच आहे गं ते. वर्षं लागतील."

* * *

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंनी पायातली जोडवी काढली आणि खिडकीच्या दगडावर घासायला घेतली!

नर्स ओरडली, "आजी, हे काय?"

"त्या पोरीनं सांगितलं न्हाई का? चांदी बारीक करतीया!"

नर्सने जोडवी काढून घेतली, वर लेक्चरही दिलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मान खाली घालून बसले. सवाष्ण असून माझ्याही मुठीत माझी जोडवी होती.

* * *

मी देवीला बोलले होते, "पाय वाचू दे, अनवाणी गड चढेन."

पाय गुडघ्याखाली कापला. जीव राहिला. मी अनवाणी गेलेच. गडाखाली फूलवाली म्हणाली, "बाई, ऊन लई हाय, चपला तरी घाला. देवी काय रागावत न्हाई!"

मी म्हटलं, "देवीनं शब्द मोडलाच नाही हो. दहा दिवसांचं व्रत मीच चौथ्या दिवशी मोडलं."

तिला काय कळणार! तिने एक फूल जास्त दिलं.

आता घरात कुणालाही गोळ्या आल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवारासारखी खूण करते. शेवटच्या गोळीला देवापुढे दिवा लावते.

* * *

दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी सखूबाई भेटायला आल्या होत्या. ह्यांचा दुमडलेला लेंगा पाहून त्यांनी डोळ्याला पदर लावला. बराच वेळ बसल्या. निघताना कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली.

"तुमी दिल्याल्या चारातल्या दोन ऱ्हायल्यात, वहिनी. माझा घसा दोनातच मोकळा झाला. म्हनलं, भाऊंना लागतील!"

ताई, तुमच्याही देव्हाऱ्याखाली असा डबा असेल. आजच उघडून बघा. आणि पुढच्या वेळी माझ्यासारखी कॅलेंडरवर खूण करत चला, सूज उतरली तरी.