कमलेशशेठने सजवलेली गिटार

बदलापूर पश्चिमेला बेलवलीत मी ज्या इमारतीत राहतो, तिचं नाव ‘मधुस्मृती’. ज्यांच्या स्मृतीसाठी हे नाव दिलं ते मधुदादा रोज सकाळी खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पेपर वाचतात. त्यांचे चिरंजीव कमलेशशेठ यांनी भाताची खाचरं बिल्डरला देऊन ही इमारत उभी केली, आणि बापाचं नाव द्यायचं तर पुढे ‘स्मृती’ लावावंच लागतं अशी त्यांची समजूत होती. कोणीतरी चूक दाखवली तेव्हा शेठ म्हणाले की बोर्ड तयार होऊन आलाय, आणि कधी ना कधी तो बरोबर ठरणारच आहे.

शेठचं बापावर प्रेम आहे, यात मला शंका नाही. फक्त ते प्रेम हातात ग्राइंडर घेऊन येतं.

दादांकडे एक पेडल स्टील गिटार आहे. गिटार म्हटल्यावर गळ्यात अडकवायचं जे वाद्य डोळ्यांपुढे येतं, ते हे नव्हे. ही टेबलासारखी चार पायांवर उभी राहते. वाजवणारा समोर खुर्ची घेऊन बसतो, डाव्या हाताने लोखंडी कांडी तारांवरून सरकवतो, उजव्या हाताने तारा छेडतो, आणि खालचे पायटे, म्हणजे पेडल, दाबले की सूर चढतो-उतरतो. तरुणपणी दादा अंबरनाथला एका कारखान्याच्या बंगल्यावर माळीकाम करायचे. कारखान्यात मशीन बसवायला आलेला अमेरिकन साहेब संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात हे वाजवायचा. मायदेशी जाताना त्याने ते दादांना देऊन टाकलं. दादांनी त्यावर हळदीची गाणी बसवली आणि आसपासच्या गावांतल्या हळदी गाजवल्या.

पण साहेबाची गोष्ट कुणाला पटली नाही. माळ्याला अमेरिकेची वस्तू फुकट कोण देईल? भावकीने निकाल दिला की उल्हासनगरच्या कुठल्यातरी कारागिराने शिलाई मशीनचे पायटे टेबलाला जोडून हे प्रकरण बनवलंय, आणि मधु थाप मारतोय. दादांचा चुलतभाऊ भगवान याने तर त्यांचं नावच ‘मधु अमेरिका’ पाडलं. त्यानंतर दादांनी काहीही सांगितलं तरी लोक एकमेकांना डोळा मारत. सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा कुणीतरी हळूच विचारायचं, अमेरिका काय म्हणते? दादा हसून घालवायचे. त्यांच्या बायकोने, पुतळाबाईंनी मला सांगितलं की अशा दिवशी ते घरी येऊन न जेवताच झोपायचे.

यंदा दादांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. शेठने विचारलं, अंगठी घडवू की साखळी? दादांनी दोन्ही नको म्हटलं.

“मना सोना नको,” ते म्हणाले. “कुनीतरी जानकारानं भावकीसमोर सांगावा, का मधु खोटा नव्हता. बस.”

शेठ हलले. खरंच हलले, मी समोर होतो. त्यांनी चार ठिकाणी चौकशी करून मुंबईत जुनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या राजसी नावाच्या बाई शोधल्या. बाईंनी फोनवरच सगळं समजावलं. कडेच्या पट्टीवर ठोकलेला नंबर असतो. आवाजाच्या बटणाखालच्या भागावर बारीक आकडे असतात, त्यावरून तो भाग कुठे आणि कुठल्या वर्षी बनला ते कळतं. पायट्यांपासून तारांपर्यंत जाणाऱ्या सळ्यांची जोडणीही बोलते. तेव्हा मी येईपर्यंत कशाला हात लावू नका, धूळसुद्धा पुसू नका, असं त्यांनी बजावलं. शेठ “हो मॅडम, हो मॅडम” करत राहिले.

आणि फोन ठेवून कामाला लागले. आता त्यांचंही बरोबरच. आपल्याकडे गणपतीला चार माणसं यायची म्हटलं तरी घराला रंग काढतात. मुंबईच्या बाई येणार आणि आपण बापाची इज्जत गंजलेली, कोळिष्टकांसकट त्यांच्यापुढे मांडायची? लोक काय म्हणतील? दादांना काही सांगितलं नाही, कारण शेठच्या भाषेत ते सरप्राइज होतं.

अडगळीतली गिटार टेम्पोत बसून उल्हासनगरला गेली. पट्टीवर ‘खरचटल्यासारखं’ काहीतरी होतं, ते बफिंग मारून साफ झालं. लाकडाला वाळवीची भोकं होती म्हणून वरून शिसवी रंगाचा सनमायका ठोकला. बटणं खरखरत होती, ती आतल्या सामानासकट नवी बसली. सळ्या स्टेनलेस स्टीलच्या आल्या. निघालेलं जुनं सामान भंगारात गेलं. शेवटी भांड्यांच्या दुकानात नेऊन, लग्नातल्या हंड्यावर घालतात तसं नाव घालून घेतलं: ‘श्री. मधु, बेलवली’. खाली रिवाजाप्रमाणे त्या दिवसाची तारीख.

राजसीबाई आल्या. शेठने गिटारवरची चादर ओढली. बाईंनी खाली वाकून बॅटरी मारली, गुळगुळीत पट्टीवरून बोट फिरवलं आणि जुने भाग कुठे आहेत ते विचारलं.

“फेकले सगळे. फुल नवीन केलंय, मॅडम,” शेठ म्हणाले. चेहऱ्यावर असं समाधान की त्यांचा फोटोच काढावा.

“मापं बघता ही तिकडची असू शकेल, साठच्या दशकातली,” बाई म्हणाल्या. “पण हा माझा अंदाज. चार लोकांत ठामपणे सांगावं असं तुम्ही हिच्यात काही ठेवलेलं नाही.”

दादा दाराशी उभे होते. त्यांनी सनमायकावरून एकदा तळहात फिरवला आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच रिक्षाने भंगारवाल्याकडे जाऊन आले. माल कधीच पुढे गेला होता. मला त्या दिवशी शेठचा इतका राग आला की जिन्यात भेटले तरी मी बोललो नाही.

शेठ मात्र खचणाऱ्यातले नाहीत. बाई सांगत नाहीत तर आपण सांगू, असं म्हणून ते पुन्हा भांड्यांच्या दुकानात गेले आणि पितळी पाटी करून आणली: ‘अस्सल अमेरिकन, सन १९३५’. बाईंनी साठ म्हटलं होतं, पण जमिनीच्या धंद्यातल्या माणसाला आकडा चढवून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि इथे आकडा चढवणं म्हणजे साल मागे नेणं होतं.

कार्यक्रमाला हॉल भरला. गिटार स्टेजवर दिव्यांच्या झोतात ठेवली होती. भावकी रांग लावून पाटी वाचत होती. पितळ, त्यावर कोरीव अक्षरं, खाली साल. शंका घ्यायला जागाच नव्हती. भगवानने सगळ्यांसमोर दादांचे पाय धरले.

“मधु, आमी चुकलो रं. तू खरा व्हतास.”

इतकी वर्षं जे हवं होतं ते दादांच्या पायाशी येऊन पडलं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. दादांनी भगवानला उठवलं आणि माइक मागून घेतला.

“ती पाटी खोटी हाय,” ते म्हणाले. “माझ्या पोरानं भांड्याच्या दुकानात करून आनलीय. साहेबानं मना गिटार दिली ती खरी. पन साल कुनालाच म्हायत नाय. पाटी काढा.”

कमलेशशेठ कोपऱ्यात बसलेल्या बेंजोवाल्यांना, वाजवायला लागा म्हणून हातवारे करू लागले. भगवानने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा दादांकडे, आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं.

“बग,” तो हसत म्हणाला, “पितळेवर लिवलाय, तरी हा थापाच मारतोय.”