नव्या कव्हरातला जुना फोन

मसाजी बांधावर टेकायचा, लगेच उठायचा. हात सारखा खिशातल्या मोबाइलकडं जायचा. शिरड शहापूरला घरी थोरली लेक सत्यशीला पहिल्या बाळंतपणाला आली होती, आणि हा मेंढरं घेऊन कनेरगाव नाक्याच्या रानात. तिची खबर मिळावी एवढ्यासाठीच त्यानं हिंगोलीहून फोन घेतला होता.

"जुना आहे मामा, पण आतून दुरुस्त केलाय. नव्याच्या बराबर," दुकानदार म्हणाला होता. मसाजीनं मेंढरू पारखावं तसा तो पारखला. उलटा केला, तळहातावर जोखला, अंगावरून अंगठा फिरवला. कव्हर कोरं, चकचकीत. शेजारच्या जळबाच्या घरचा नंबर दुकानदारानंच आत भरून दिला. हिरवं बटण दाबलं की तिथं लागायचा.

आठवडा सरायच्या आत फोन तापू लागला. बोलता बोलता मान टाकायचा. सोबतीला असलेला मेव्हणा अंगद हसला.

"दाजी, शिंगाला तेल चोळून म्हातारा एडका बांधला तुमच्या गळ्यात. देऊन या माघारी."

"दावं हातात घेतलं की जनावर आपलं. बाजारात माघारी फिरलेला मसाजी कुणी पाहिला न्हाई."

"जनावराचं ते. ह्यो डबा हाय."

"सौदा तो सौदा."

मग मसाजी फोनला आजारी कोकरासारखा जपू लागला. उन्हात काढायचा नाही, उगाच बोलायचा नाही.

एका दुपारी मेंढरं बाभळीखाली बसली होती. फोन वाजला. पलीकडं जळबाच्या घरून बायको, यशोदाबाई, धापा टाकत होती. "अवो, पोरीला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन राहिलो. लेकरू आडवं आलंय, डॉक्टरीण म्हणते..."

फोन विझला.

मसाजीनं बटणं दाबली, बॅटरी काढून धोतराला पुसली, पुन्हा बसवली. काही नाही. तो पळत नाक्यावरच्या एसटीडीच्या टपरीत गेला.

"नंबर सांगा," टपरीवाला म्हणाला.

मसाजीनं मोबाइल पुढं केला. "ह्याच्यात हाय."

"हा तर मेलाय, मामा. तोंडपाठ नाही?"

तोंडपाठ नव्हता. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे तो आवाजावरून सांगायचा. घरच्यांना हाक मारायची वाट मात्र त्यानं त्या डब्यात ठेवली होती.

कळप अंगदवर सोपवून तो जीपमध्ये चढला. डॉक्टरीण काय म्हणते? ते तुटलेलं वाक्य तो वाटभर पुरं करत गेला. कधी लेकरू वाचायचं, कधी पोरगी, कधी कुणीच नाही. जीप प्रवाशांसाठी थांबली की त्याला खाली उतरून पळावंसं वाटे.

दवाखान्यात सत्यशीला खाटेवर पांढरीफटक पडली होती. पोट फाडून लेकरू काढलं होतं. दोघं जिती होती.

"फोन काहून ठेवला?" यशोदाबाईनं विचारलं. "आत नेताना एकच म्हणून राहिली होती, बाबाशी बोलू द्या."

"रेंज नव्हती," मसाजी म्हणाला.

सत्यशीलानं डोळे उघडले. "मला वाटलं, बाबा, तुमी भ्याले."

मसाजीनं तिच्या पायावर हात ठेवला.

"रेंज होती, बाई. फोनच खराब निघाला. आन् मला ते आधीपासून म्हायीत व्हतं."