अर्धा मिलिमीटर

बाईंसमोर 'अंदाजे' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. देऊळगाव राजाला त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता. 'अंदाजे आठवड्यापासून दुखतं' असं कोणी म्हटलं की त्या पेन खाली ठेवत. "मंगळवारी दुखलं की बुधवारी? आठवा. मी बसलेय." मागे कितीही माणसं खोळंबलेली असोत, त्या बसत. मी त्यांना अर्धा-मिलिमीटर बाई म्हणायचो. आधी चिडून. नंतरचं नंतर सांगतो.

मी बैलांचा दलाल. दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरता धरता बाजारात उभा राहिलो, पुढे नांदुऱ्यात सरकी-ढेपेचं दुकान टाकलं. जबडा उघडून दातांवरून बैलाचं वय सांगावं तर मीच. पाच वर्षांपूर्वी एका गोऱ्ह्याचं शिंग माझ्या डाव्या डोळ्याला लागलं. आतलं भिंग निखळलं आणि नवं बसवायला आत आधारच उरला नाही. अशा वेळी कृत्रिम भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टाके घालून आत टांगतात. माझ्या दुकानासमोरच्या डॉक्टरने ते टांगलं. अंदाजे. मला एका बैलाला चार शिंगं दिसू लागली.

एका बाजाराला मी चारदाती बैल सहादाती म्हणून सांगितला. अख्खा बाजार हसला. "दलाल, आता कोंबड्या ईक बे!" डॉक्टरकडे गेलो, तर तो कंपाउंडरकडे बघून म्हणाला, "यायले भ्रम झाला. वय झालं की असंच दिसते." तिथल्या तिथे ठरवलं, याला सोडायचं नाही.

मग बाईंकडे गेलो. त्यांनी बराच वेळ डोळा तपासला. "एक टाका बुबुळाच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर आहे, दुसरा सव्वातीनवर. शिवाय दोन्ही समोरासमोर नाहीत. भिंग तिरपं लटकतंय."

ते पुन्हा टांगायच्या ऑपरेशनच्या वेळी भूल फक्त डोळ्याला होती, कान जागे होते. बाई दोन टोकांच्या मापाने मोजत, जांभळ्या शाईचा ठिपका देत, 'अर्धा मिलिमीटर चुकतंय' म्हणत पुन्हा मोजत. सिस्टर म्हणाली, "मॅडम, बरोबर आहे."

"बरोबर आहे, पण किती बरोबर?"

मी पडल्या पडल्या म्हणालो, "बाई, अर्ध्या मिलिमीटरनं काय होते? आमच्या बाजारात हातभर इकडंतिकडं चालते."

"मग बाजारातच करून घ्यायचं होतं. गप पडा, डोळा हलतोय." आणि तिसऱ्यांदा मोजलं.

पट्टी सुटली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाला दोनच काटे होते. मी रडलो नाही, मी कागद मागितला. "लिहून द्या, माझ्या दुकानासमोरच्या डॉक्टरनं चूक केली." बाईंनी लिहिलं: दोन टाके, दोन अंतरं, भिंगाचा तिरपेपणा. 'चूक' हा शब्द कुठेच नाही. मी भडकलो.

"मी डोळा मोजला," त्या म्हणाल्या, "माणूस मोजला नाही."

मग मी धंद्याची रीत काढली. बैलाचा भाव आम्ही रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतो. टेबलावर रुमाल पसरला, खाली हात घातला. "धरा बोट, बाई. अख्खं वाक्य नको. एक शब्द द्या." बाईंनी रुमालाखाली हात घातला आणि माझ्या तळव्यावर ते दोन टोकांचं थंडगार माप ठेवलं. "हा माझा भाव. कमी-जास्त होत नाही."

इतकं स्वच्छ मला कोणी हरवलं नव्हतं. रागात घरी आलो.

पण मी दलाल. तो कागद मोठा करून घेतला, काच घातली आणि डॉक्टरच्या दाराकडे तोंड करून दुकानात टांगला. खाली ठळक अक्षरांत: 'डोळा माझा. आधीचं ऑपरेशन समोर.' ढेप न्यायला येणारा प्रत्येक जण वाचायचा. शेवटी डॉक्टर रस्ता ओलांडून आला. "काढा ते."

"काऊन? सांगा ना लोकायले, दलालाले भ्रम झाला म्हणून."

तो आकड्यांकडे बघत उभा राहिला. शिवी लिहिली असती तर त्याने उलटून दिली असती. 'चूक' लिहिलं असतं तर तो भांडला असता. दोन आणि सव्वातीनशी भांडायचं कसं? तो आल्या वाटेने परत गेला. बाईंचा भाव मला त्या दिवशी कळला.

पुढे एका लग्नाला नांदुऱ्याला आलेल्या बाई अचानक दुकानात शिरल्या. कागद पाहिला. "यासाठी दिला होता का मी?"

"हाव."

त्या चौकटीजवळ गेल्या, मान तिरकी करून पाहिलं. वाटलं, आता झापणार. म्हणाल्या, "डावीकडे झुकलाय. दुसऱ्याचा तिरपेपणा दाखवताय ना, भाऊ? मग निदान सरळ टांगा." मी स्टुलावर चढलो, त्या खालून सांगत होत्या. "उजवीकडून वर. अजून. बास, आता थोडं खाली."

"थोडं म्हणजे किती, बाई?"

त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. लोक म्हणतात, "दलाल, आता तरी उतरव तो कागद." समोरचा डॉक्टर हल्ली प्रत्येक टाका दोनदा मोजतो म्हणे. त्याचीच सिस्टर म्हशीसाठी ढेप नेताना सांगून गेली. मोजू दे. मी माफ केलेलं नाही. बाजाराचं ते हसू अजून कानात आहे.

रोज सकाळी शटर वर केलं की मी आधी मोजपट्टी घेऊन स्टुलावर चढतो आणि त्या चौकटीची दोन्ही टोकं छतापासून मोजतो. तो आपल्या दारातून बघत असतो. त्याला वाटतं, मी त्याला डिवचायला मोजतो.

तेही आहेच.