तुळजाबाईनं पोट बारीक करून घेतलं

...आन् लोकं काय, हसनारच की गं हर्षाले. तुळजाबाई टमटममधी चढली की डायवर म्हनायचा, "मावशी, बराबर मधी बसा, न्हायतर गाडी कलंडल." ती मधी बसायची, पर गप न्हाय बसायची. "तुजी गाडी कलंडती ती तू बाहीरनं मानसं लोंबकळत नेतूस म्हनून. माज्यावर ढकलू नगंस," म्हनायची. समदी टमटम हसायची, डायवरबी हसायचा. हे आधी लिव. न्हायतर वाचनाऱ्याला वाटंल बाई गरीब गाय व्हती. तशी न्हाय ती.

तुळजाबाई म्हंजी आपल्या वरल्या आळीच्या महारुद्राची बायकू. लगीन करून आली तवा शेवग्याची शेंग व्हती, वाऱ्यानं हालायची. पुढं बाळतपनं झाली, डिंकाचं लाडू झालं, सासूनं बळं बळं चारलं, आन् आंग भरत गेलं ते भरतच गेलं. बसून खाती म्हनायचीबी सोय नव्हती. म्हशी तिच्या. म्हायेरावरनं आनलेल्या याका रेडकाच्या तिनं दावनभर केल्या. वैरन तीच कापायची, धारा तीच काढायची, अणदूरच्या डेरीला दूधबी तीच घालायची. पर आंगापुढं कामाला कोन इचारतंय?

एक दिस म्हशीचा खूर तिच्या डाव्या घोट्याला लागला. खरचटलं एवढुसं. तुज्या-माज्या पायाचं चार दिसात वाळून जाईल, हिचं वाळंना. पावसाळा गेला, सुगी गेली, फिरून पावसाळा आला, जखम आपली उघडीच. कडंनं काळी, मधी लाल, आन् सारखं पानी गळायचं. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला, कुनी चुना लाव म्हनलं तर चुनाबी लावला. फडकं गुंडाळून ती धारा काढायला बसायची.

सासू म्हनायची, "तोंडावर ताबा न्हाय, त्येचं फळ हाय हे. उपास धर."

आन् धरलं की उपास! मंगळवार देवीचा, ऐतवार खंडुबाचा, मधी एकादस, मधी चतुर्थी. आता उपासाला काय खात्यात? साबुदान्याची खिचडी, त्येच्यात दान्याचा कूट, वर तूप. भगर, बटाटं, राजगिऱ्याचं लाडू. उपासाची बाई थकती म्हनून सांजच्याला सासूच आनखी याक ताटली द्यायची. म्हंजी बाई निम्मा आठवडा उपाशी आन् आंग दुप्पट. कुनाच्या ध्यानातच येईना. समद्यांनी एकच ठरवलं, ही चोरून खाती.

ह्ये मातुर तिला लागलं. जाडी म्हना, भोपळा म्हना, ती उलटं बोलून मोकळी व्हायची. पर चोर? ती चुलीपुढं उभी ऱ्हाऊन म्हनली, "आत्याबाई, दूध माजं, तूप माजं, म्हशी माज्या. माज्याच घरात मी चोरू कशाला?" सासूनं तोंड फिरवलं.

त्येच्यापरीस वंगाळ झालं ते येळवशीला. आता लातूर-धाराशिवाच्या बाहीरचं कुनी वाचत असंल तर त्यांना सांग, येळवस म्हंजी थंडीतली आमुशा. समदं गाव रानात जातं. कडब्याचा कोप, म्हंजी खोपटं, करायचं, आत पाच पांडव मांडायचं, पूजा करायची, आन् मंग आंबील, समद्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचं वाफवलेलं उंडं, गव्हाची खीर. वाटंनं जानाऱ्यालाबी हाताला धरून जेवायला बशिवत्यात. त्या दिशी सासू म्हनली, "गळत्या पायानं कोपात येऊ नगंस तुळजे. बाहीर बस." घरची थोरली सून, तिनंच रांधलेली भज्जी, आन् ती हिरीच्या कडंला याकटी ताट घिऊन बसली. एक वरीस तसं, दुसरं वरीस तसं. महारुद्र आईपुढं बोलला न्हाय. तो कुनापुढंच बोलत न्हाय म्हना.

मंग तिची लेक निकिता, सोलापूरला कालिजात हाय, तिनं आईला दवाखान्यात वढत नेलं. तिथं याक डाक्टरीन व्हती, पौर्णिमा नावाची. मुरुमच्या मच्छिंद्रची लेक, म्हंजी आपल्यातलीच. तिनं फडकं सोडलं, जखम बगितली, रगत काढाय लावलं, आन् मंग इचारलं, "मावशी, खाता काय काय?"

तुळजाबाई फुगून म्हनली, "मी तर लई उपास करते."

"उपासाला काय खाता?"

हिनं सांगितलं. डाक्टरीनला हसूच आवरंना. "मावशी, तुम्ही उपासानं वाढलाय!"

तुळजाबाईबी हसली. लेक तेवढी रडाय लागली, कारन मोठं डाक्टर आधीच बोलून गेल्तं, जखम अशीच वर सरकली तर पाय कापावा लागंल. ते ऐकल्यावर हसू ऱ्हातंय कुठं?

मंग डाक्टरीननं तिला समजंल असं सांगितलं. "मावशी, ज्वारी भरात आली की माळ्यावर राखणदार ठेवता ना, गोफण घेऊन? तसे तुमच्या रक्तातबी राखणदार आहेत, पांढऱ्या पेशी म्हणतात त्यांना. काटा टोचला, घाण शिरली, की ते पळत येतात, साफ करतात, जखम भरतात, आन् गप बसतात. तुमची चरबी एवढी गच्च दाटली की तिचाच जीव गुदमरतोय. ती सारखी हाका मारती. राखणदार तिकडं पळतात. तिथं पाखरू एक नाही, पण हे दगड मारतच सुटतात, आन् आपलीच कणसं तुटतात. बाहेरून दिसत नाही, पण आत सगळीकडं बारीक सूज आहे. पायाच्या शिरांवर भार आहे, साखर काठावर आहे, ते येगळंच. अशा अंगात जखम भरायला निवांत राखणदार मिळत नाही."

तुळजाबाईला दुसरं काय कळलं का न्हाय, ह्ये कळलं की ह्यो सुजीचा जाळ आंगात हाय, जिभंत न्हाय. तिनं ताठ बसून इचारलं, "म्हंजी मी चोरून खात न्हाय, ह्ये रगतात दिसतंय?"

"रक्तात चोरी दिसत नाही मावशी, सूज दिसती. आन् ती दिसतीय."

"तेवढं बास हाय."

उपाय सांगितला तो असा. पोटाचा मोठा भाग कापून काढायचा, केळ्याएवढं पोट ठिवायचं. भूकबी कमी, आंगबी कमी. निकितानं इचारलं, नुसतं खानं कमी करून न्हाय का व्हनार? डाक्टरीन काय बोलायच्या आधी तुळजाबाईच म्हनली, "कमी करता करता म्हातारी झाले की गं."

आनखी एक म्हनली डाक्टरीन. आपरेशनच्या आधी थोडं रगत, चिमूटभर चरबी, आन् मंग काही म्हैन्यांनी पुन्हा रगत, असं अभ्यासाला पायजे व्हतं. राखनदार आधी कसं वागत्यात, मंग कसं, ते बगायला. "मर्जी तुमची. नाही म्हणालात तरी उपचार तोच मिळंल."

"घ्या की. चांगली मूठभर घ्या. माज्याजवळ कमी हाय व्हय?"

घरी रान पेटलं. सासू म्हनली, "धडधाकट पोट कोन कापून घेतं? तोंड शिव म्हनावं, सोपं पडंल." जाऊ म्हनली, "अक्का, गावात काय सांगायचं? खाऊन खाऊन फाटलं म्हनून टाकं घातलं?" महारुद्र तंबाकू मळत बसला. तुळजाबाईनं कुनालाच इचारलं न्हाय. गोठ्यात गेली, ज्या म्हशीचा खूर लागल्ता तिला आधी सोडली, मंग आनखी याक सोडली, आन् आपरेशनच्या पैशापायी बाजारात इकायला उभ्या केल्या. महारुद्र मागं मागं गेला तवा एवढंच म्हनली, "पाय माजा हाय. तुमाला उद्या याक पायाची बायकू संबाळायची असंल तर आत्ता सांगा." त्यो दावं धरून उभा ऱ्हायला. म्हंजी बाई, त्येचा व्हकार.

आपरेशन दसरा झाल्यावर झालं. घरी आली तवा चमच्यानं पातळ डाळीचं पानी पीत व्हती, चार चमचं झालं की बास. आंग उतराय लागलं. क्येस गळालं, गाल बसलं. आता गावाला नवं कारन मिळालं. आधी हसनाऱ्या बायकाच डोळं मोठं करून म्हनाय लागल्या, हिला बाहीरचं लागलंय. सासूनं खरंच याकाला लिंबू आनाय धाडलं.

तुळजाबाईनं ते लिंबू सासूच्या हातातनं घेतलं, चिरलं, आन् सरबत करून ग्लास सासूच्याच हातात दिला. "जाड व्हते तवा चोर. बारीक झाले तवा भूत. मानूस कवा म्हननार ती तारीख तेवढी सांगा आत्याबाई, म्हंजी मी अंगनात सडा टाकून ठिवते."

सासूनं सरबत पिलं.

आन् जखम? आंग निम्मंबी उतरलं नव्हतं, तवाच कडंनं गुलाबी कातडं दिसाय लागलं. पानी गळायचं थांबलं. तुळजाबाई रोज उन्हात पाय पसरून बगायची, जसं कुनी उगवलेलं रोप बगतं. पर डाक्टरीननं धाक घातल्ता. घास मोजून खा, जादा खाऊन पोट ताणू नका. पुन्हा तेच आंग आलं तर पुन्हा तोच जाळ, आन् पुन्हा तीच जखम. याका बारशाला तिनं लोकांच्या आग्रहाला दोन घास जादा घेतलं, तर वकून वकून छाती धरून बसली. तवाच ठरवलं, आता आग्रह आपला वैरी.

मंग आली येळवस. जखमेवर नुसती खपली ऱ्हायली व्हती. तुळजाबाईनं आंघूळ केली, नवं लुगडं न्हाय पर धुतलेलं नेसली, फडकं न बांधता अनवाणी रानात आली, आन् कुनाला न इचारता वाकून कोपात शिरली. समद्यांची नजर घोट्यावर. सासूनं बगितलं, पुन्हा बगितलं. गळत न्हाय, ह्ये दिसलं. हळदकुकवाची वाटी तिच्याकडं सरकवली.

तुला वाटंल झालं. झालं कुठलं? खरा घोळ जेवताना.

येळवशीचं वाढनं तुला ठावंच हाय. वाढनाऱ्याचा हात थांबत न्हाय, जेवनाऱ्याला न्हाय म्हनायची मुभा न्हाय. जाऊनं हिच्या ताटात भज्जीचा डोंगर केला, वर उंडं, वर खीर, बाजूला आंबिलीचा तांब्या. तुळजाबाईनं अर्धा उंडा भज्जीत कुस्करला, सावकाश चावून खाल्ला, आन् हात थांबवला.

"खा," सासू म्हनली.

"झालं माजं."

"चिमनीबी ह्येच्यापरीस जास्ती खाती. आजच्या दिशी ताट टाकून उठतीस? काळी आई कोपंल. वरीसभर पिकनार न्हाय, ते तुज्या माथ्यावर." शेजारच्या रानातली लोकंबी येऊन बसल्याली. महारुद्र मान खाली घालून खीर वरपत व्हता.

तुळजाबाईचा हात ताटाकडं गेलाबी बग. येवड्या वर्सांचा धाक, एका दिसात कसा जाईल? दोन घास गिळलं असतं तर भांडान मिटलं असतं. पर तिची नजर घोट्याच्या खपलीवर गेली. तिनं ताट उचललं आन् उभी ऱ्हायली.

"काळ्या आईचं ना? मंग तिलाच घालते. तिचं पोट मोठं हाय, माजं बारीक केलंय."

आन् निघाली की ज्वारीत! येळवशीचा निवद काळ्या आईला म्हनून रानात शिंपायचं काम दर साली गड्याचं, महारुद्राचं. ही ताट कमरंवर घिऊन चारी बांध फिरली. उंडं कुस्करून टाकलं, भज्जी टाकली, खीर शिंपडली, आन् मोठ्यानं वरडत गेली, जसं गडी वरडत्यात. दोन वर्सं जी हिरीपतुर लंगडत जायची, ती ढेकळातनं दनादना चालली. शेजारच्या रानातनं कुनीतरी हाळीला हाळी दिली. मंग महारुद्र उठला. आंबिलीचा तांब्या घिऊन तिच्या मागं शिंपत चालाय लागला. तोंड उघडलं न्हाय, पर चालला.

ती रिकामं ताट घिऊन कोपात आली तवा सासू म्हनली, "एवडी भज्जी घालीवली." मंग जावंकडं बगून खेकसली, "बगतीस काय? हिला वाटीत वाढत जा हितनं फुडं."

फुडं डाक्टरीनकडं रगत द्यायला गेली तवा जखमेच्या जागी नुसता डाग व्हता. डाक्टरीन म्हनली, "सूज लई उतरली मावशी. राखणदार गप झाले. पण सगळे नाही. चरबीत बसलेले काहीजण जुनं भांडण विसरत नाहीत, त्यांना सय राहती, असं दिसायलंय. म्हणून जपायचं. का, कसं, ते आम्हीबी अजून शिकतोय."

तुळजाबाई पदर खोचत उठली. "ऱ्हाऊ द्या की त्यांना सय. मलाबी हाय. मी कुठं इसरले?"

आता फुडचं नीट लिव. आपल्या धाराशिवाकडल्या वाशीच्या, मुंबईच्या न्हाय, बाजारात बांगड्याच्या दुकानावर करिश्मा नावाची बाई बसती. लई आंगाची हाय, गुडघ्याखाली फडकं बांधलेलं असतं, आन् गिऱ्हाईक आलं की पाय पदराखाली वढून घेती. तुळजाबाईनं एकडाव बगितली, पर दुकानात गर्दी, बोलायला जमलं न्हाय. ह्ये वाचनारं कुनी वाशीला गेलं तर तिच्याकडनं बांगड्या भरा, आन् गर्दी हटली की हळूच सांगा, तुळजाबाईनं निरोप दिलाय. म्हनावं, जखम झाकू नगंस, डाक्टरला दाव, आन् रगत तपास. कापायचं का गोळी घ्यायची ते डाक्टर ठरवतील. पर चोरून खाती म्हनून कुनी हसलं, तर पाय आत घिऊ नगंस म्हनावं. पसरून बस. एवडं सांगा तिला.