मार्कशीटचा वारा

साहेबानं माझ्या मार्कशीटनं वारा घेतला.

मे महिना. रायपूरजवळच्या आमच्या पोलाद-प्लांटच्या शहरात, पद्मनाभपुरातला त्याचा बंगला. कूलर बंद होता, कारण माझा बाप खिडकीबाहेर स्टुलावर उभा राहून त्याच कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरून राहिला होता. साहेब सोफ्यावर पसरलेला. हातात माझी इंजिनिअरिंगची शेवटची मार्कशीट. ओरिजिनल. फडफड, फडफड. घाम त्याचा, कागद माझा. मी दारात उभी. बस म्हणून कोणी म्हणलं नाई.

"शंकर, मुलीनं नशीब काढलं बरं का," साहेब खिडकीकडे पाहून ओरडला. "नाहीतर तुमच्यात कोण शिरतं कॉम्प्युटरमध्ये?"

तुमच्यात! अरे, तूबी मराठी, आमीबी मराठी. तुहे लोक नागपूरहून या हिंदी मुलखात खुर्चीवर बसायले आले, माझा आजा भंडाऱ्याकडचं शेत सोडून प्लांटाच्या भट्टीसमोर उभा रायला. एवढाच फरक. पण मंडळाच्या गणपतीत साहेब पहिल्या रांगेत, अन् माझा बाप सतरंज्या आंथरते. बाबानं प्लांटात त्याच्या हाताखाली काम केलं. साहेब रिटायर झाला, बाबाची त्याच्या घरची ड्यूटी काई संपली नाई. दर उन्हाळ्यात कूलर, दर दिवाळीले लायटिंग.

आता नशीब कोणतं, ते सांगते. माझ्याजवळ दोन नोकऱ्या होत्या. एक साहेबाच्या जावयाच्या कंपनीत, रायपूरले. काचेची बिल्डिंग, ए.सी., पगार दुप्पट. पण तीन वर्षांचा बाँड, अन् तेवढे दिवस आपले ओरिजिनल कागद त्यायच्या कपाटात. दुसरी कुम्हारीले. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या. राइस मिलच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवतात. उन्हात मिलमिल फिरा, कोंडा खा. तिथली मॅडम फोनवर म्हणे, "सोमवार को ओरिजिनल लेके आना, देखके वापस कर देंगे."

मी अजून काई ठरवलं नोतं. बाबानं ठरवून टाकलं. साहेबानं माझी कागदाची फाइल मांगितली, अन् बाबानं पेटीतून काढून त्याले नेऊन देली. मले इचारलंबी नाई. बाबाचा सगळा जन्म प्लांटात गेला. भरतीच्या वेळी कागद जमा केले होते, तपासून परत भेटले होते. त्याले वाटलं, इथंबी तसंच. कागद तीन वर्षं कुलपात राहतात, हे त्याच्या ध्यानातबी आलं नाई. साहेबानं सांगितलंबी नाई.

म्हणून त्या रविवारी मी बाबासंग बंगल्यावर गेली होती.

"सर, माझी फाइल पाहिजे," मी म्हणलं. "मले उद्या कुम्हारीले दाखवायची आहे."

साहेब हसला. आत बायकोकडे पाहून म्हणे, "'मले'! ऐकलंस का?" मंग माझ्याकडे वळला. "अगं, क्लायंटसमोर असं बोललीस तर जावयाचं नाक कापशील. ऑफिसात तोंड बंद ठेवायचं. आणि रविवारी इथं यायचं, नातवाला कोडिंग शिकवायला. शंकर कूलर बघेल, तू नातू बघ."

खिडकीबाहेर बाबाचे हात थांबले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अन् त्याच घडीले मले साफ दिसलं. मले नोकरी भेटून राहिली नोती. बाबाचा स्टूल भेटून राहिला होता.

मी सोफ्यापाशी गेली. त्याच्या हातातून मार्कशीट घेतली. हो, ओढूनच घेतली.

"वारा घ्यायचा असंन तर पेपर घ्या," मी म्हणलं. "हा माझा कागद आहे."

टीपॉयवरची फाइल उचलली. दहावी, बारावी, सगळे कागद तिथंच उभं राहून पायले.

"शंकर, आवर तिला! नशिबाला लाथ मारतेय पोरगी!"

"बाबा, उतरा खाली," मी म्हणलं.

बाबा उतरला नाई. मान खाली घालून म्हणे, "एक ताटी रायली बेटा. लावून येतो." मी फाटकाबाहेर उन्हात उभी रायली. तो ताटी लावूनच आला. लई जीव जळला माझा. साहेबापेक्षा जास्त बापासाठी जळला. वैशाली नगरले घरी आलो. आई म्हणे, "दुप्पट पगार लाथाडला, कावून? हातचं सोडून पळत्याच्या पाठी!" तिचंबी चूक नोतं. पैसा आमाले पाहिजेच होता.

सोमवारी कुम्हारीच्या मॅडमनं कागद पायले अन् लगेच परत देले. "सँभालके रखना." मार्कशीटच्या कोपऱ्यावर साहेबाच्या अंगठ्याचा घामट डाग होता. अजून आहे.

एक वर्ष झालं. उन्हात मिलमिल फिरते, कोंडा खाते, अन् 'मले-तुले'च बोलते. मिलवाल्याचा काटा नीट चालते, त्याले तेवढंच पाहिजे.

परवा बाबाचा फोन वाजला. साहेबाचा. मी उचलला.

"शंकरला पाठव. कूलर लावायचाय."

"बाबा येणार नाई," मी म्हणलं. "मेकॅनिक बोलवा. त्याले पैसे द्या."

बाबा समोरच बसला होता. तोंड पांढरं पडलं त्याचं. फोनसाठी हात पुढं केला. "दे इकडं. माझे साहेब आहेत ते."

मी फोन देला नाई. बाबा रागवला. रागवू दे. या घरातलं कोणी आता त्या स्टुलावर चढणार नाई. माझा बापबी नाई.